ट्रेब्युशेचं चालतं मॉडेल: वजन वाढवू नका, आधी गोफण बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्ययुगीन ट्रेब्युशेचं, म्हणजे वजनाच्या जोरावर दगड फेकणाऱ्या वेढायंत्राचं मॉडेल बांधलं. दांडा ६० सेंटिमीटर, पेटीत ३ किलो वजन, गोळा ३० ग्रॅमचा. गोळा सरळ वर गेला आणि तीन-चार मीटरवर पडला. पेटीतलं वजन ६ किलो केलं, तर तो आणखी उंच गेला पण लांब काही गेला नाही, आणि आता दांड्याला आसाजवळ चीर पडली आहे. आता वजन अजून वाढवावं, की मोठा दांडा घ्यावा?

दोन्ही नको. पेटी पुन्हा ३ किलोवर आणा. तुमच्या यंत्रात जोर कमी नाही, तो गोळ्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि गोळा चुकीच्या क्षणी सुटतो. दांड्याची चीरसुद्धा त्याचाच परिणाम आहे. ही दोन दुखणी वेगळी दिसतात, पण मूळ एकच.

आधी हिशोब करून बघू, म्हणजे वजनाचा मोह सुटेल. पेटी खाली येताना जी ऊर्जा देते ती सगळीच्या सगळी गोळ्याला मिळाली आणि गोळा ४५ अंशांत सुटला असं धरलं, तर त्याचा पल्ला सोप्या सूत्रात बसतो: पेटीचं वजन भागिले गोळ्याचं वजन, गुणिले पेटी जितकी खाली येते ती उंची, गुणिले दोन. तुमच्या दांड्याची आखूड बाजू १२ सेंटिमीटर आणि लांब बाजू ४८ सेंटिमीटर धरतो. दांडा ताणून ठेवताना आखूड बाजू आडव्या रेषेच्या ४५ अंश वर असेल, तर पेटी साधारण साडेआठ अधिक बारा, म्हणजे साडेवीस सेंटिमीटर खाली येते. ३ किलो आणि ३० ग्रॅम म्हणजे शंभरास एक. शंभर गुणिले ०.२०५ गुणिले दोन, म्हणजे ४१ मीटर. ही वरची मर्यादा झाली. घर्षण, दांड्याचं स्वतःचं वजन आणि हवा यांत बरंच जातं, पण नीट जुळवलेलं साधं मॉडेल या आकड्याच्या निम्म्यापर्यंत जायला हवं, म्हणजे २० मीटर. ६ किलोला हीच मर्यादा ८२ मीटर होते, आणि तुमचा गोळा चार मीटरवर पडतोय. म्हणजे दुखणं वजनात नाहीच.

हा आकडा दरवेळी काढून ठेवा. नुसतं ‘२० मीटर गेला’ यावरून यंत्र चांगलं की वाईट ते कळत नाही. मर्यादेच्या किती टक्के गेला, यावरून कळतं.

आता सुटण्याची गोष्ट. ट्रेब्युशेचा जीव गोफणीत आहे. दांड्याच्या टोकाला नुसता चमचा लावून गोळा ठेवला, तर गोळ्याला दांड्याच्या टोकापेक्षा जास्त वेग मिळूच शकत नाही. गोफण असली की दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाभोवती गोफण फिरते, आसूडाच्या टोकासारखी. दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. पण त्यासाठी गोफणीची एक दोरी योग्य क्षणी सुटावी लागते. एक दोरी दांड्याला कायमची बांधलेली असते, दुसऱ्या दोरीच्या टोकाला कडी असते आणि ती दांड्याच्या टोकावरच्या खुंटीत अडकवलेली असते. सुरुवातीला गोफण यंत्राच्या पोटाखाली पसरलेली असते, त्यामुळे कडी खुंटीच्या मुळाशी ओढली जाते. गोफण फिरत फिरत बाहेर येते, दोरीचा ताण खुंटीच्या टोकाकडे वळतो आणि कडी घसरून सुटते. सगळा खेळ त्या घसरण्याचा आहे.

गोळा सरळ वर किंवा मागे जात असेल, तर कडी लवकर सुटते आहे. गोळा पुढ्यातच जमिनीत आपटत असेल, तर ती उशिरा सुटते आहे. तुमचं पहिलं प्रकरण आहे. दांडा उभा धरा आणि खुंटी पुढे, म्हणजे गोळा जायच्या दिशेला, थोडी वाकवा. आता कडी सुटायला गोफणीला आणखी फिरावं लागेल आणि गोळा खालच्या कोनात सुटेल. बहुतेक तुमची खुंटी दांड्याच्या अगदी सरळ रेषेत असणार. २० अंशांपासून सुरुवात करा आणि एका वेळी पाचेक अंशच बदला. पक्कडीने अंदाजे वाकवू नका. पुठ्ठ्यावर कोनमापकाने रेघा आखून तो पुठ्ठा खुंटीशेजारी धरा, म्हणजे मागच्या कोनावर परत येता येईल.

खुंटी कशाची आहे यालाही तेवढंच महत्त्व आहे. ३ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई घ्या, दांड्याबाहेर तीन-चार सेंटिमीटर राहू द्या. कापलेल्या टोकावर जो बारीक काटा उरतो तो कानशीने काढा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. नखाने चाचपून बघा, नख कुठेही अडायला नको. तो काटा राहिला तर एकदा कडी अडते, एकदा सुटते, आणि त्याच मांडणीत गोळा कधी डोक्यावरून मागे तर कधी समोर जमिनीत जातो. मग माणूस वजन, दांडा, चौकट सगळं बदलून बघतो. कडीसुद्धा अखंड हवी. किल्ल्यांच्या जुडग्यातली फटीची कडी नको, तिची फट खुंटीवर अडकते. साधा लहान वॉशर चालतो, पण त्याच्या आतल्या कडा घासून गोल करा. आतला व्यास खुंटीच्या तिप्पट असला की पुरे.

गोफणीची लांबी म्हणजे दांड्याच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते लांब बाजूच्या जवळपास इतकं किंवा थोडं कमी ठेवा. तुमच्यासाठी ४२ ते ४८ सेंटिमीटर. ताणली न जाणारी दोरी घ्या. नायलॉनची विणलेली बारीक दोरी चालते, लोकर किंवा रबरी धागा अजिबात नको. झोळी मऊ चामड्याची किंवा जाड कापडाची, गोळा त्यात बसेल पण रुतणार नाही एवढी. दोन्ही दोऱ्या अशा बांधा की कडी खुंटीत असताना झोळी सरळ राहील. एका बाजूला कललेली झोळी गोळ्याला फिरकी देते आणि तो वाकडा जातो.

लांबी आणि खुंटी या दोन्हींनी सुटण्याची वेळ बदलते, म्हणून लोक गोंधळतात. गोफण लांब केली की ती फिरून यायला वेळ लागतो, तोवर दांडा पुढे गेलेला असतो आणि गोळा खाली सुटतो. आखूड केली की तो वर सुटतो. म्हणजे खुंटी न वाकवता नुसती लांबी वाढवूनही तुमचा गोळा पुढे गेला असता. पण दोन्हींचं काम सारखं नाही. लांबी ठरवते की गोफण दांड्याला कधी गाठेल, म्हणजे ऊर्जा किती पोहोचेल. खुंटी फक्त गोळा कोणत्या कोनात सोडायचा ते ठरवते. त्यामुळे आधी ४४ सेंटिमीटरवर लांबी कायम ठेवा आणि खुंटीने सर्वांत लांबचा पल्ला शोधा. मग लांबी दोन सेंटिमीटरने बदला, खुंटी पुन्हा जुळवा आणि आधीच्या पल्ल्याशी ताडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक मांडणीत निदान चार-पाच गोळे टाका. एकाच गोळ्यावरून काही ठरवू नका.

डोळ्यांनी हे दिसत नाही, सगळं क्षणात होतं. फोन यंत्राच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, तिवईवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. २० मीटर जाणाऱ्या गोळ्याचा वेग सेकंदाला १४ मीटर असतो. साध्या चित्रणात, सेकंदाला ३० चौकटींत, तो दोन चौकटींमध्ये अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. काहीच कळत नाही. २४० चौकटींत तो दर चौकटीला सहा सेंटिमीटर सरकतो, आणि मग कोन पडद्यावर सरळ मोजता येतो. यंत्राशेजारी मोजपट्टी उभी ठेवली तर वेगही काढता येतो. सुटताना कोन ४० ते ४५ अंश हवा. गोळा जमिनीपेक्षा थोडा उंचावरून सुटतो, म्हणून ४५च्या किंचित खालीच उत्तम.

पण त्या चित्रणात गोळ्यापेक्षा दांड्याकडे बघा. कडी सुटण्याच्या क्षणी दांडा जवळपास उभा हवा, पेटी बरोबर त्याच्या खाली हवी आणि दांडा जवळजवळ थांबलेला दिसायला हवा. चांगल्या यंत्रात हा क्षण इतका स्पष्ट दिसतो की पहिल्यांदा बघणारा चकित होतो. एवढी जड पेटी खाली आली आणि दांडा शांत उभा! ती ऊर्जा गोळा घेऊन गेला, म्हणून दांडा थांबला. मला विचाराल तर ट्रेब्युशेमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि ज्यांनी हे मोजमापाची साधनं नसताना नुसतं बघून आणि फेकून जुळवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कडी सुटताना दांडा अजून मागे कललेला असेल आणि जोरात फिरत असेल, तर गोफण आखूड आहे, खुंटी सरळ आहे किंवा वजनाच्या मानाने गोळा फारच हलका आहे. दांडा उभ्याच्या पुढे गेल्यावर कडी सुटत असेल, तर उलटं.

आता तुमची चीर समजेल. गोळा लवकर सुटला की उरलेली सगळी ऊर्जा दांड्यात आणि पेटीत राहते. दांडा तशाच वेगात पुढे जातो, पेटी झोका घेते आणि आसाजवळ हिसका बसतो. तुम्ही वजन दुप्पट केलंत म्हणजे हिसका दुप्पट केलात. याच कारणासाठी गोळा न घालता यंत्र कधीही सोडून बघू नका.

चिरलेला दांडा डिंक लावून वापरू नका, नवा करा. लाकूड सरळ रेषांचं, आणि आसाच्या आसपास एकही गाठ नसलेलं निवडा. आसाजवळ उंची ३० मिलिमीटर आणि जाडी १८ ठेवा. बरेच जण १५ मिलिमीटरच्या पट्टीत ८ मिलिमीटरचं भोक पाडतात. मग भोकाच्या वर आणि खाली साडेतीन-साडेतीन मिलिमीटर लाकूड उरतं, आणि दांडा सर्वांत जास्त वाकतो तोही तिथेच. ३० मिलिमीटरमध्ये तेच भोक मधोमध पाडलं तर फार फरक पडत नाही. शिवाय दोन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर प्लायवूडचे गाल चिकटवून मग भोक पाडा, लाकूड उभं चिरत नाही.

पण ही जाडी टोकापर्यंत नेऊ नका. आसापासून टोकाकडे दांडा निमुळता करा, टोकाशी १२ मिलिमीटर पुरे. टोकाजवळचं प्रत्येक ग्रॅम फार महाग पडतं. फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून आसापासून ४८ सेंटिमीटरवरचे १० ग्रॅम हे १२ सेंटिमीटरवरच्या १६० ग्रॅमइतके जड होतात. टोकाला मोठे नटबोल्ट, लोखंडी पट्टी, जाड हूक असलं काही लावू नका. बाजूंचं प्रमाण चारास एक हे सुरुवातीला चांगलं, पावणेचारही चालतं.

पेटी दांड्याला घट्ट ठोकलेली आहे की लोंबती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लोंबती ठेवा. घट्ट पेटी दांड्याबरोबर गोल फिरते. लोंबती पेटी जवळपास सरळ खाली येते आणि शेवटी दांडा थांबवायला मदत करते. बिजागरीपासून पेटीच्या मध्यापर्यंत १२ सेंटिमीटर ठेवा. वाळू भरू नका. ३ किलो वाळूला पेटी फार मोठी होते आणि आतली वाळू सरकते. लोखंडाचे तुकडे, जुने नट हे उत्तम, मोकळी जागा कापडाने गच्च भरा. खऱ्या यंत्रांत माती आणि दगड भरत, कारण तिथे पेटी हवी तेवढी मोठी करता येत होती. तेराव्या शतकातल्या विलार द ओनकूर या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रवहीत अशा यंत्राच्या तळाचा आराखडा आहे आणि मातीने भरायच्या पेटीची मापंही दिली आहेत. उभ्या बाजूचं चित्र मात्र हरवलं, त्यामुळे आज बांधणाऱ्यांना अर्धं यंत्र स्वतः शोधावं लागतं.

आसाची उंची ३४ सेंटिमीटर. मग ४५ अंशांत ताणलेल्या दांड्याचं टोक तळाला टेकतं, आणि पेटी सर्वांत खाली आली तरी तळापासून पाचेक सेंटिमीटर वर राहते. ८ मिलिमीटरची पोलादी सळई आस म्हणून, दोन्ही बाजूंना वॉशर, दांड्याच्या भोकात पितळी किंवा नायलॉनचा बुश, म्हणजे सळईभोवती बसणारी छोटी नळी. खांब तिरप्या आधारांनी पुढे-मागे पक्के करा. यंत्र त्याच दिशेला हिसका घेतं, आडव्या दिशेला नाही. तळावर गोळा सरकायला गुळगुळीत पन्हळ हवी. मेण घासलेली लाकडी पट्टी किंवा पातळ प्लास्टिकचा पत्रा चालतो, पण पन्हळ आणि चौकट यांत फट नको, झोळी तिथे अडकते. खटक्यासाठी दांड्याच्या टोकाला आकडा, तळाला दोरीचा फास आणि दोन्हींतून जाणारा गुळगुळीत खिळा. खिळ्याला तीन-चार मीटर लांब दोरी बांधा.

ही लांबी सोयीसाठी नाही. १४ मीटर वेग म्हणजे ताशी ५० किलोमीटर. ३० ग्रॅमचा गोळा त्या वेगात डोळ्याला लागला तर डोळा जातो. आणि जुळवाजुळव चालू असताना गोळा मागेही जातो, म्हणून यंत्राच्या मागे उभं राहणं पुढे उभं राहण्याइतकंच वाईट. बाजूला उभे राहा, सगळ्यांना चष्मे द्या, आधी खटका अडकवा आणि मगच पेटीत वजन भरा. वर उचललेल्या पेटीखाली हात घालून काहीही दुरुस्त करायचं नाही. आधी वजन काढा, मग हात घाला. मुलं सोबत असतील तर हा एक नियम न मानणाऱ्याला दोरी ओढू देऊ नका.

यंत्र २० मीटरच्या आसपास पोहोचलं की मग चाकं लावून बघा, आधी नाही. तळाला मोकळी फिरणारी चाकं असली की पेटी खाली येताना चौकट पुढे-मागे सरकते, पेटी आणखी सरळ रेषेत उतरते आणि पल्ला वाढतो. पण सुटण्याची वेळही बदलते, म्हणून खुंटी पुन्हा जुळवावी लागते.

गोळ्यांकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. मातीचे गोळे करून वाळवा आणि प्रत्येक तोलून घ्या. ३० ग्रॅमचा गोळा साधारण तीन सेंटिमीटर व्यासाचा होतो. टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा असतो, त्याला हवाच थांबवते. या यंत्राचं खरं बळ पल्ल्यात नाही, तेच तेच परत करण्यात आहे. त्याआधीची यंत्रं माणसांच्या जोरावर चालत. ती चीनमध्ये निघाली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस भूमध्य समुद्राकाठी पोहोचली. आखूड बाजूच्या दोऱ्या माणसांचा गट एकदम खाली ओढायचा, आणि प्रत्येक ओढ थोडी वेगळी. बाराव्या शतकात वजनाची पेटी आली आणि ओढ दरवेळी सारखी झाली. सुलतान सलादिनसाठी अत-तरसूसी याने लिहिलेल्या युद्धसाधनांच्या ग्रंथात असं यंत्र दिसतं. मग दगडही सारख्या वजनाचे घडवले की तटाच्या त्याच जागी मारा बसतो, आणि तट पडतो तो त्यामुळे. १२७३ मध्ये चीनमधल्या श्यांगयांग शहराचा वेढा मंगोलांनी इस्माईल आणि अलाउद्दीन या पश्चिमेकडून बोलावलेल्या कारागिरांच्या यंत्रांनी संपवला. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्याने शरणागती देऊ केली, तरी इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने आपलं ‘वॉरवुल्फ’ नावाचं प्रचंड ट्रेब्युशे चालवून बघितल्याशिवाय ती घेतली नाही. तुमच्या मॉडेलमध्येही गोळे एका मीटरच्या आत पडायला लागले की मगच पल्ला वाढवायला घ्या.

मोठं यंत्र बांधायचा विचार असेल, तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. सगळी मापं दुप्पट केली की वजनं आठपट होतात आणि पल्ला दुप्पट. पण लाकडाच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त चौपट होतं, म्हणून लाकडावरचा ताणही दुप्पट होतो. ६० सेंटिमीटरच्या दांड्यात चालून गेलेली गाठ सहा मीटरच्या दांड्यात दहापट ताण सोसेल. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिकच्या किल्ल्यात उभं केलेलं ट्रेब्युशे १८ मीटर उंच आणि २२ टनांचं होतं. त्याची जाडजूड चौकट शोभेसाठी नव्हती. १२० सेंटिमीटरचा दांडा करणार असाल, तर पेटी २४ किलो आणि गोळा २४० ग्रॅमचा होईल. त्याला ८ मिलिमीटरची सळई पुरणार नाही, आणि ती पेटी एकट्याने उचलायचीही नाही.